तेजलचा घोडा, तात्यांचा सल्ला

"वहिनी खेळत्यात का सोंगट्या पुसत्यात?" कुणीतरी म्हणालं आणि भैरवनाथाच्या मंडपातले सगळे हसले. तेजलने पटावरून मान काही वर केली नाही.

कुरुळीतून पिंपरीच्या बुद्धिबळ स्पर्धेला एकच खेळाडू जायचा होता. तेजल किंवा तिचा चुलतदीर शेखर. जिंकेल तो जाईल, अशी देवासमोर बोली झाली होती. मध्ये कुणी बोलायचं नाही, हेही ठरलं होतं. पण पटाभोवती बसलेल्या माणसाला तोंड मिटून बसायला सांगणं म्हणजे उपास घडवणंच. आणि सल्ला सगळा शेखरला.

तेजलही पूर्वी गावासारखीच खेळायची. वजीर बाहेर काढायचा, दिसेल ते मारायचं आणि हरायचं. मग कंपनीत कामाला जाता-येता बसमध्ये मोबाइलवर आपलेच हरलेले डाव बघता बघता तिला कळलं, की वजीर एकटाच हिंडतोय आणि हत्ती, उंट घरीच बसलेत. तेव्हापासून ती आधी एकेकाला कामाला लावी. लोकांना तो भित्रेपणा वाटे.

आजही तिचा उंट लांबून शेखरच्या राजाच्या बाजूला तिरपा रोखलेला होता. आड होतं फक्त एक प्यादं. तिने घोडा असा आणून बसवला, की ते प्यादं एक घर पुढे आलं तर घोडा त्याच्या माऱ्यात यावा.

"हाकल की तो घोडा," दादासाहेब म्हणाले. देवस्थानचे कारभारी, गावाचे तात्या आणि आजचे पंचही तेच. "प्यादं लाव पुढं."

"तात्या, बोलायचं न्हाई ठरलंय," तेजल म्हणाली.

"मी कुठं बोललो? प्याद्याला सांगितलं."

शेखरने तेच प्यादं सरकवलं. उंटाची वाट मोकळी झाली. तेजलने घोड्याने शह दिला. राजाला पळायला दोनच घरं होती, आणि दोन्हींवर आता उंटाचा डोळा होता. मात.

सगळे पटावर वाकून राजाला वाट शोधू लागले. मग तात्या म्हणाले, "शेखर चुकला. ह्याला काय जिंकणं म्हणत न्हाईत. त्याचा सराव हाय, त्यालाच पाठवू."

तेजलच्या अंगाचा तिळपापड झाला. "समोरचा चुकल्याबिगर बुद्धिबळात कोण जिंकतं, तात्या? त्यानं चुकावं म्हणून तर घोडा तिथं बसवला. चूक तुमी सांगितली, केली त्यानं, आन् भोगायची मी?"

"जाऊ द्या तात्या, वहिनींनाच पाठवा," शेखर हसत म्हणाला. "हौस तरी फिटंल."

हे तिला जास्त लागलं. "तू पाठवणारा कोण, भाऊजी? मी जिंकलीय."

ती उठली, देवापुढे हात जोडले आणि तात्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाथा, बोली तुझ्यासमोर झालीय. आयतवारी पिंपरीला मी जाणार."

देवासमोरची बोली मोडायची तात्यांची छाती झाली नाही. "जा मग," ते पुटपुटले.

तेजलने चपला घातल्या. जिंकलेलं भांडून घ्यावं लागलं, याचा संताप घर येईपर्यंत उतरला नाही.