साडूंच्या गाडीतला तांब्या

अख्ख्या मराठवाड्यात माझ्या साडूंइतका प्रेमळ माणूस सापडायचा नाही, आणि अख्ख्या मराठवाड्यात मी त्यांच्याइतका कोणाला भीतही नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुमच्या घरी कोणाला साधा ताप आला तरी सिडकोतून फळं घेऊन येतील, उशाशी बसतील, थर्मामीटर स्वतः झटकतील. पण निघताना दारात उभं राहून, किल्ली बोटावर फिरवत म्हणतील, "साडूभाऊ, चला, घाटात एक चक्कर मारून येऊ." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण चक्कर मारायची ती त्यांच्या लाल गाडीतून. दोनच जणांची, स्पोर्ट्स कार म्हणतात तसली, पुण्याच्या कोणा हौशी माणसाकडून सेकंडहँड घेतलेली. तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं आणि मग देवाचं नाव घेऊन मागच्या मागं अंग सोडून द्यायचं. उतरताना तर हाताला धरून ओढायला माणूस लागतो. आत बसलं की शेजारून जाणाऱ्या ट्रकची चाकं थेट आपल्या कानाशी. ज्याला हे ऐकून हसू येतं त्यानं खुशाल एकदा बसून पाहावं.

साडू शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. सगळी नोकरी सुटे भाग दाबून, वाकवून पाहण्यात गेली, त्यामुळं कुठलीही वस्तू दिसली की आधी ती दाबायची, ही खोडच जडली. रस्त्यात उभ्या असलेल्या परक्या गाडीचं बॉनेट दोन्ही हातांनी दाबून "हिचे शॉकअप गेलेत" असं सांगायला ते मालकाची वाट बघत थांबायचे. एकदा मालक फौजदार निघाला, तेव्हा मी पानटपरीच्या मागं जाऊन उभा राहिलो. पाहुण्यांकडं सोफ्यावर बसले तर एकदा डावीकडं कलणार, एकदा उजवीकडं, आणि यजमानाला म्हणणार, "वळणावर लई झुकतो हो तुमचा." फुलंब्रीला आमची सासुरवाडी. धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना जेवायला बोलावलं. अनारसे झाले, ओवाळणं झालं, आणि सासरे मोठ्या कौतुकानं म्हणाले, "थोरले जावई, यंदा तुमच्या मनानं सांगा, काय देऊ?" मी आपला चांदीच्या ताटाची स्वप्नं बघत होतो. साडू म्हणाले, "मामा, पुढचे दोन शॉकअप करा." सासरे सासूबाईंकडं वळून म्हणाले, "सराफाकडं भेटंल का गं?"

तर प्रश्न तेवढाच होता. गाडीचं सस्पेन्शन बदलायचं, की कंपनीनं दिलंय तसंच ठेवायचं? स्प्रिंगा कडक केल्या आणि गाडी आणखी खाली बसवली, की घाटाच्या वळणावर ती झुकत नाही, रस्त्याला चिकटून जाते. पण मग खड्ड्यांत आणि गतिरोधकांवर आतल्या माणसाच्या दातांचं काय, हे कोणी सांगत नाही. साडू ज्याला त्याला सल्ला विचारायचे. दूधवाल्याला विचारलं, दातांच्या डॉक्टरांना विचारलं, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, आधी शांती करून घ्या.

मला वाटायचं, ह्या वयात कसला हा सोस! मग एकदा बायकोनं खरं काय ते सांगितलं. लग्न झाल्या झाल्या साडू अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, स्कूटरवरून वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला घेऊन निघाले होते. दौलताबादच्या घाटात एका वळणावर स्कूटर झुकली ती झुकलीच. साडूंना खरचटलंसुद्धा नाही. अक्कांचा हात मोडला, तो अजून पुरता सरळ होत नाही. दर्शन राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून अक्का साडूंनी चालवलेल्या कुठल्याही गाडीत बसल्या नव्हत्या. फुलंब्रीला जायचं तर त्या एसटीनं पुढं आणि हे मागून. लाल गाडी दारात आली तेव्हा अक्कांनी तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि सगळ्यांदेखत अट घातली. "भरला तांब्या मांडीवर घेऊन कोणीतरी वेरूळपतोर जाऊन यावं आन् पाणी सांडू नये. त्या दिवशी मी बसंन."

कोणीतरी म्हणजे कोण? तर मी.

तांब्या पितळी, काठोकाठ भरलेला. साडू माझा पट्टा आवळून द्यायचे आणि म्हणायचे, "घाबरू नका, फक्त पाण्याकडं बघा." किल्ल्याजवळ त्या जुन्या अरुंद दरवाज्यातून रस्ता जातो. समोरून बस यायची, आपण जमिनीला टेकलेले, त्या ड्रायव्हरला आपण दिसतो तरी का, या विचारानं माझे गुडघे थरथरायचे आणि पाणी हिंदकळायचं. साडू ओरडायचे, "सांडलं का? डाव्या अंगानं का उजव्या?"

"दादा, माझे पाय कापतायत!"

"पायांचं सोडा हो, गाडीचं सांगा."

घाट लागला की मी मोठमोठ्यानं रामरक्षा म्हणायचो. त्या एका वळणापाशी मात्र साडूंचं बोलणं बंद पडायचं. स्टीअरिंगवर बोटं पांढरी व्हायची, कपाळावर घाम यायचा, आणि गाडी इतकी हळू व्हायची की मागं दुधाच्या मोटारसायकलींची रांग हॉर्न वाजवत उभी राहायची. गाडीत भित्रे दोघं बसलेत हे मला तिथं कळलं. चालवणाराच घाबरलाय म्हटल्यावर बसणाऱ्यानं कोणाच्या तोंडाकडं बघायचं? त्या वळणावर पाणी हटकून सांडायचं, माझी पँट भिजायची, आणि परत आल्यावर गल्लीतल्या लोकांचा भलताच समज व्हायचा.

शेवटी सस्पेन्शन बदललं. रोशन गेटजवळचा मिस्त्री म्हणाला, "साब, घाट में मक्खन चलेगी. शहर का मेरे कू नक्को बोलो." आणि खरंच, घाटात गाडी झुकेना. ते वळण मागं पडलं तरी पाणी जागचं हललं नाही. साडूंचे डोळे भरून आले. "साडूभाऊ, जमलं हो!" म्हणाले. आणि परतताना पडेगावच्या गतिरोधकावर तांब्या माझ्या हनुवटीवर आदळला. दात वाचले, पाणी गेलं. मग स्प्रिंगा नरम केल्या, तर घाटात सांडलं. पुन्हा कडक, पुन्हा नरम. पुढं पुढं तर आम्ही दिसलो की मिस्त्री नमाजाची वेळ नसतानाही मशिदीकडं निघायचा.

गेल्या वर्षी साडूंची शुगर डोळ्यांवर उतरली. जवळचं धूसर दिसायला लागलं. लांबचं अजून ठीक आहे, पण गाडीचा नाद आता सोडायच्या तयारीला लागा, असं डॉक्टर म्हणाले. साडूंनी मुकाट्यानं गिऱ्हाईक ठरवलं. गाडी उद्या जाणार म्हणून मी सकाळीच गेलो, तर साडू बॉनेटवर हात ठेवून उभे होते. दाबत नव्हते, नुसतेच उभे. म्हणाले, "साडूभाऊ, स्प्रिंगा कडकच राहिल्या बघा. बदलून द्याव्यात का? घेणाऱ्याला त्रास नको." मला एकदम भडभडून आलं. जन्मात पहिल्यांदा मीच म्हणालो, "दादा, चला, एक चक्कर मारून येऊ."

तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. अंगावर काळी इरकल, हातात तो तांब्या. "तुम्ही नका बसू आज," मला म्हणाल्या.

"अगं, पण अजून सांडतंय," साडू म्हणाले.

"ते मी बघते. दार उघडा."

तो वाकडा हात इतका थरथरत होता, की गाडी सुरू व्हायच्या आधीच काठावरून पाणी ओघळत होतं. साडूंनी त्यांचा पट्टा लावून दिला आणि स्वतः बसायचं विसरून तिथंच उभे राहिले. अक्का डोळे मिटून म्हणाल्या, "अहो, बसा की. मला लई भ्या वाटायलंय. लवकर चला."

त्या दिवशी फाटकात उभं राहून मला जेवढी भीती वाटली तेवढी गाडीत बसूनही कधी वाटली नव्हती. लांबून हॉर्न वाजला की जीव वरखाली व्हायचा. दुपार टळल्यावर लाल गाडी वळली. साडू कोणाच्या हाताशिवाय टुणकन बाहेर आले. "थेंब सांडला नाय! विचारा हिला. घाटात नाय, गतिरोधकावर नाय. भरला तांब्या देवाला वाहिला!"

"व्हय," अक्का म्हणाल्या. "नाय सांडलं."

मी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. निऱ्या गुडघ्यापासून खाली ओल्या होत्या, पदराचं टोक अजून गार होतं. साडू अगदी शेजारी उभे होते, पण काळ्या इरकलीवरचं पाणी आता त्यांना दिसत नाही. अक्कांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पदर कमरेला खोचून त्या चहा टाकायला आत गेल्या.

परवा साडू रिक्षानं आले. उतरल्यावर सवयीनं सीट दाबून पाहिली, रिक्षावाल्याला काहीतरी सुनावलं, आणि आत येऊन खुर्चीत टेकत मला म्हणाले, "साडूभाऊ, सस्पेन्शन बदललं ते बरंच झालं ना?"

"फार बरं झालं, दादा," मी म्हणालो. मग चहा झाला, गप्पा झाल्या, आणि निघताना ते दारात थोडा वेळ उभे राहिले. मीही उभा राहिलो. त्यांच्या बोटावर फिरवायला आता किल्ली नव्हती, आणि माझ्या पोटात गोळा आला नाही म्हणून मला दिवसभर करमलं नाही.