पंगतीआधीच्या दोन गोळ्या

१९८६ साल. मी तेव्हा चौपन्न वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, पण धायरीत माझ्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. त्या वर्षी थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. सुपारी फुटतानाच मी व्याह्यांना चारचौघांत सुनावलं होतं, "वरातीत कोणी पिऊन आला तर मांडवातून परत पाठवीन." ते बिबवेवाडीचे, किराणा दुकानदार. नुसते हसले.

मला मधुमेह होता. डॉक्टरांनी न्याहारीआधी एक गोळी दिली होती. लग्नात जिलबी, म्हणून मी माझ्या डोक्यानं ठरवलं, आज गोड जास्त तर गोळ्याही दोन. सकाळीच गिळल्या. बायको मागे लागली, "अहो, चार घास तरी खा."

"मुलीचा बाप हाय मी. पाहुण्यांआधी जेवू?"

दुसरी पंगत बसली तेव्हा हात थरथरायला लागले, सदरा घामानं भिजला. पुढचं मला धड आठवत नाही, बायकोनं सांगितलं. मी झोकांड्या खात पंगतीत शिरलो, वरमाईला नको ते बोललो, व्याह्यांची गचांडी धरली. मागून कोणीतरी म्हणालं, "आता परत कोणाला पाठवायचं?" लोक हसले. मुलगी मान खाली घालून बसली होती.

व्याह्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला. "प्यालेले नाहीत हे. साखर उतरलीय. जिलबीचा पाक आणा." त्यांच्या आईला हाच आजार होता. माझं डोकं मांडीवर घेऊन त्यांनी वाटीनं घोट घोट पाक पाजला.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "काका, गोळी गोड पचवत नाही. ती स्वादुपिंडाला डिवचते, इन्सुलिन सोड म्हणते. तुम्ही जेवलात की नाही, हे तिला कळत नाही. पोट रिकामं असलं तरी रक्तातली आहे ती साखर उतरतेच. त्यात तुम्ही दोन घेतल्यात. उद्या गोळी बंद."

"मग हे आधी सांगायचं."

"सांगत होतो. 'मला शिकवू नका' म्हणालात."

बायको शेजारी बसलेली. तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं न सांगता मी भाकरी खाल्ली आणि बिबवेवाडी गाठली. व्याह्यांच्या दुकानात गिऱ्हाईकं होती. ती जाईपर्यंत थांबता आलं असतं. पण बोललो होतो चारचौघांत. म्हणून गिऱ्हाइकांच्या देखतच टोपी काढली आणि व्याह्यांपुढे हात जोडले.