फांदी खोचलेली डबकी

आधी अक्कांचं सांगते. त्या नसत्या तर मी या गावात टिकले नसते. गुंद गावाच्या पुढं, जंगलातल्या वाटेला त्यांचं घर. भाताची खाचरं, म्हशी, आणि मागल्या बाजूला एक खोली. त्या खोलीत त्यांनी मला ठेवून घेतलं. मी माणदेशातली. आठवीत शाळा सुटली, पुढं घरात भावजय आली आणि मला झोपायला जागा उरली नाही. इथल्या एका रिसॉर्टात स्वयंपाकाचं काम मिळालं म्हणून आले. पहिल्या दिवशी अक्कांनी विचारलं, "भात खातीस न्हवं? इथं भाकरी रोज मिळायची न्हाई." एवढीच चौकशी. कोण, कुठली, एकटी का, काही नाही.

गावाच्या वर सडा आहे. मैलभर पसरलेला जांभा दगड. त्यात खळगे आहेत, काही परातीएवढे, काही अंगणाएवढे. आषाढात ते भरतात. आमच्याकडं पाणी टँकरनं येतं, त्यामुळं दगडावर साठलेलं एवढं पाणी बघून मी पहिल्यांदा नुसती उभी राहिले. अक्का हसल्या. "बघून घे गो. दिवाळीनंतर आलीस तर म्हणशील, अक्का खोटं बोलली."

त्यांच्यामागनं मी तिथं जायला लागले, सुट्टीच्या सकाळी. आधी पाण्यात बेडकांची अंडी दिसतात, साबुदाण्याच्या खिरीसारखी. त्यातनं शेपटीवाली पिल्लं निघतात. त्यांच्यामधनं नखाएवढे, आरपार दिसणारे जीव उताणे पोहत जातात. मी नाव विचारलं तर अक्का म्हणाल्या, "नाव कशाला? ती काय हाक मारल्यावर येणार हायत?" मग काठावर निळी सीतेची आसवं फुलतात, गेंदाची पांढरी बोंडं डोलतात, वर चतुर फिरतात. एखादा दिवड साप पिल्लांच्या आशेनं पाण्यात पडून राहतो. दिवाळीपर्यंत सगळं आटतं. चिखल पापडासारखा सुटतो आणि सडा काळा, तापलेला, रिकामा होतो. तरी अक्का तो चिखल पायानं उकरू देत नाहीत. "आत झोपलीत," म्हणतात.

इथं एक रीत आहे. ज्या डबक्यात अंडी दिसली, त्याच्या काठाला दगडांत हिरवी फांदी खोचायची. फांदी दिसली की कुणी तिथं म्हशी उतरवत नाही, पाय धूत नाही. पिल्लांना पाय फुटून ती गवतात गेली की फांदी काढायची. मी विचारलं, बेडकांसाठी एवढं कशाला? अक्का म्हणाल्या, "ती सगळी खाली आमच्याच खाचरांत येत्यात. भातावरचे किडे कोण खाणार मग, तुझा बा?"

आता त्याचं. रिसॉर्टात जीप चालवणारा एक पोरगा होता, आमच्याच भागातला. त्याच्या तोंडून पहिल्यांदा "ताय, जेवलीस का?" ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं. इतक्या लांब आपलं बोलणं बोलणारं कुणी मिळेल असं वाटलं नव्हतं. मी त्याला राखी बांधली. अक्कांकडं घेऊन गेले, म्हटलं, माझा भाऊ आहे. अक्कांनी त्याला पोटभर जेवू घातलं. तो त्यांची तांदळाची पोती गाडीतनं गिरणीवर पोचवायचा. अक्कांना तो इतका आवडला की त्या स्वतःहून त्याला सड्यावर घेऊन गेल्या, फांद्यांची रीत सांगितली. त्यानं कान धरून सांगितलं, "अक्का, मी म्हशीपेक्षा शाना हाय. पाय न्हाई घालणार." आम्ही तिघंही हसलो.

राखीनंतर आठवडा झाला असेल. अक्का आणि मी पिल्लांना पाय फुटले का बघायला वर गेलो. लांबूनच जीप दिसली. चाकं एका उथळ डबक्यातनंच गेली होती, दोन्ही बाजूंना चिखल उडालेला. पाहुणे बूट घालून पाण्यात उभे, फोटो काढत होते. एका बाईंच्या हातात पाण्याची बाटली होती, आत पिल्लं कोंबलेली. आणि तो पुढं पुढं चालत हाका मारत होता, "इकडं या सर, जिथं फांदी तिथं माल हाय बघा!"

अक्का जागच्या जागी थांबल्या. मी त्याला हाक मारली. त्यानं बघितलं. माझ्याकडं नीट बघितलं, त्यात चूक नाही. एका पाहुण्यानं विचारलं, "या कोण?" तो म्हणाला, "गावातल्या बायका असतील, गुरं शोधत आल्या असतील." आणि पाठ फिरवली. मनगटावर राखी होती अजून. पाण्यात हात घालून घालून ती काळी पडली होती.

खाली येताना अक्का पुढं झपाझप चालत होत्या. मला मात्र एकच दिसत होतं. आता ही खोली गेली. गावात त्याला आणणारी मी. बाहेरचीला ठेवून घेतलं की असंच होतं, हे कुणीतरी बोलणारच.

आणि बोलले. संध्याकाळी अंगणात माणसं जमली. अक्कांचा दीर म्हणाला, "ही बाई आली आणि तिच्यामागनं तो आला. तिला आधी वाटेला लाव." दुसरा म्हणाला, "उद्या देवराईत बी न्हेईल जीप." मी दारामागं उभी होते. कपड्यांची पिशवी आधीच भरून ठेवली होती. बाहेर जाऊन काही बोलावं असं फार वाटलं, पण मी तिथंच राहिले.

अक्का सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "त्याला सड्यावर कुणी न्हेलं?"

सुपारीचं खांड तोंडात टाकून त्यांनीच सांगितलं,

"मी न्हेलं. फांदी म्हंजे काय ते कुणी सांगितलं? मी. जेवू कुणी घातलं? ते बी मीच. मग मला लावा वाटेला. कुठं लावताय सांगा, म्हंजे पान-सुपारी बांधून घेते."

दीर म्हणाला, "वैनी, तुझं तसं न्हवं…"

"मग कसं?"

माणसं उठून गेली. अक्कांनी, मी त्याला भाऊ म्हणून आणल्याचं सांगितलं असतं, तर तेही खरंच होतं. ते त्या बोलल्या नाहीत. आत येऊन पिशवी बघितली आणि म्हणाल्या, "ही कुठं निघाली? भात गार व्हतोय."

यंदा गावानं फांद्या खोचल्या नाहीत. खूण ठेवली तर कुठलीही जीप तिथंच येते, हे सगळ्यांना कळलंय. म्हणून आता म्हशी वळवायला दिवसभर कुणीतरी डबक्यापाशी बसावं लागतं. बहुतेक अक्काच बसतात, घोंगडी घेऊन. त्या पोरानं दुसरीकडं काम धरलं. राखीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला, "ताय, यंदा कुठं भेटायचं?" जणू काही घडलंच नाही. मी फोन ठेवला. अजून अधेमधे वाटतं, एखादं तरी कारण सांगितलं असतं त्यानं. खोटं सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं.

अक्का, त्या संध्याकाळी मी दारामागं राहिले. मला अजूनही चार माणसांत बोलायची भीती वाटते. पण तुमच्यावर कधी कुणी बोट दाखवलं तर मी अंगणात येईन, तुमच्या पुढं उभी राहीन आणि बोलेन. हे मी तुमचं फेडणार आहे.