काट्याची वायर

दसऱ्याच्या दुपारी मी कारेगावच्या खोलीवर श्रीखंडाच्या ताटावर बसलो होतो आणि वहिनीचा फोन आला. सणाच्या दिवशी वहिनीचा फोन शुभेच्छा द्यायला येत नाही, हे मला अनुभवानं ठाऊक झालेलं आहे. दुधाचा काटा कॉम्प्युटरला लागत नाही, तुमचे दादा सकाळपासून जेवलेले नाहीत, संध्याकाळच्या दुधाच्या आत या, एवढंच ती म्हणाली. बायकोनं माझ्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि मी हात धुतला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात आमचं घर आहे, आणि घराच्या पडवीत तो गावच्या संस्थेचं दूध संकलन केंद्र चालवतो. लोक सकाळ-संध्याकाळ येतात, किटली काट्यावर ठेवतात, आपला नंबर सांगतात. वजन वायरीतून कॉम्प्युटरवर जातं आणि चिठ्ठी निघते. दादाला साखरेचा आजार आहे आणि त्या आजारानं त्याचे डोळे खाल्ले. डावा पार गेला. उजव्यानं समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून ओळखायचं. हे मला आणि वहिनीला माहीत होतं, गावात दुसऱ्या कुणालाही नाही. ज्याला काट्यावरचे आकडे वाचता येत नाहीत, त्याच्या हाती लोक काटा कशाला ठेवतील, असं तो म्हणायचा. केंद्र गेलं असतं तर त्याच पडवीत तो दिवसभर नुसता बसून राहिला असता, आणि त्याला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती.

म्हणून मी कॉम्प्युटरला बोलायला लावलं होतं. किटली काट्यावर ठेवली की स्पीकरमधून वजन ऐकू यायचं. गावाला आम्ही सांगितलं, सगळ्यांनी ऐकलेलं बरं, भांडण नको. लोकांना ते आवडलं. त्या आवाजाचे उच्चार असे काही वाकडेतिकडे होते की पोरंसोरं तर सोडाच, म्हातारेही त्याची नक्कल करायचे. दादा ऐकायचा, बोटांच्या सवयीनं नंबर दाबायचा, आणि गाडी रेटली जायची.

हे सगळं चालत होतं एका फुकटच्या सिस्टिमवर, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमवर. मी रांजणगावला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. तिथल्या एका पोरानं शिकवलं म्हणून मी ती घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकली. आधीची सिस्टिम लोकांच्या गाण्यांच्या पेन ड्राइव्हनं इतकी आजारी पडली होती की ती सुरू होईपर्यंत दुधावर साय धरायची. नवी सिस्टिम आजारी पडत नव्हती, हे खरं. पण तिला काही जोडायचं म्हटलं की नवी सोयरीक जुळवावी तसे हेलपाटे. प्रिंटर घेतला तर तो कागद ओढायचा आणि कोराच बाहेर काढायचा. नेटचं डोंगल लावलं तर तिला ते पेन ड्राइव्ह वाटायचं. प्रत्येक वेळी मी फर्स्ट शिफ्ट संपवून, न्हावऱ्यावरून, उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं धूळ खात घरी जायचो, आणि कुठल्या तरी परक्या माणसानं इंटरनेटवर लिहून ठेवलेली कमांडची एखादी ओळ उतरवून काढायचो. ती ओळ का चालली, हे मला बहुतेक वेळा कळलेलं नसायचं. कंटाळा आला होता. दादाचा नाही, पण जाण्याचा आला होता, आणि एकदा येऊन बसलेला कंटाळा माणूस कुठला आणि वाट कुठली हे बघत नाही.

त्या दिवशी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. दादा खुर्चीत बसून होता, दोन्ही हात कीबोर्डवर. वहिनीनं काय झालं ते सांगितलं. सकाळचं दूध आटोपल्यावर तिनं शस्त्रपूजेला कोयता, विळा, दुधाचं फॅट मोजायचं मशीन, काटा आणि कॉम्प्युटर असं सगळं मांडलं. कॉम्प्युटरला हळदी-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. तेवढ्यात पडद्यावर काहीतरी आलं. तिनं ते अक्षर लावून लावून दादाला वाचून दाखवलं, की सिस्टिमचं नवं रूप आलंय, घ्यायचं का. दादा म्हणाला, साडेतीन मुहूर्तांतला दिवस आहे, नवं आजच घ्यावं, दाब हो. तिनं हो दाबलं. दुपारपर्यंत काहीतरी उतरत राहिलं, मग कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन चालू झाला. दादानं पाण्याची कळशी काट्यावर ठेवून बघितली. काट्यावरचे लाल आकडे हलले, असं वहिनी म्हणाली, पण स्पीकर गप्प.

मला हसू यायला हवं होतं. मुहूर्त बघून अपडेट घेणारा माणूस आमच्याच घरात निघावा. पण मी ताटावरून तसाच उठून आलो होतो आणि मला हसू आलं नाही, रागच आला. आधी मला वाटलं कुंकवाचाच प्रताप आहे, कारण वायर खुपसायच्या जागेत ते चांगलं चिमूटभर गेलेलं होतं. जुन्या टूथब्रशनं ते झाडून काढलं, सगळ्या वायरी काढून परत लावल्या. काही नाही. तोवर पडवीत माणसं जमायला लागली. दसरा असल्यामुळं एका हातात किटली आणि दुसऱ्या हातात आपट्याची पानं. सोनं घ्या, सोनं द्या चाललं होतं, माझ्या खिशातही कुणी पानं कोंबली. रांगेत पहिले आबा होते, शेजारच्या मळ्यातले. आमच्या वडिलांच्या बरोबरीचे आणि केंद्र सुरू झाल्या दिवसापासून दूध घालणारे.

आबा म्हणाले, मशीन राहू दे बाजूला, दादा आकडा बघून हातानं लिहील की, आम्हाला गावात सोनं वाटायचंय. दादा म्हणाला, थांबा जरा, होतंय. असं तो तीनदा म्हणाला. वहिनी मधे येऊन लिहू लागली असती, पण तिनं का, दादा समोर बसलेला असताना, असं कुणीही विचारलं असतं. तिनं पदराला हात पुसले आणि ती दारातच उभी राहिली.

शेवटी सापडलं. वायर तर सिस्टिमला कळत होती, पण लावल्या क्षणी दुसरंच कुणीतरी ती पळवत होतं. अंध माणसांसाठी एक यंत्र येतं. पडद्यावरची अक्षरं त्याच्यावर उठावाच्या ठिपक्यांत उमटतात आणि बोटांनी वाचता येतात. ते यंत्र ओळखणारा एक प्रोग्रॅम या नव्या रूपात आलेला होता. आमच्या काट्याच्या स्वस्तातल्या वायरीत जी चिप होती, तसलीच त्या यंत्रांपैकी काहींमध्येही असते. म्हणून तो प्रोग्रॅम काट्याला ते यंत्र समजून वायर बळकावून बसला होता. परक्या माणसांनी इंटरनेटवर याच्यावर पानंच्या पानं भरून शिव्या घातलेल्या होत्या, आणि खाली एकच उपाय होता. तो प्रोग्रॅम उपटून टाका.

सापडल्याच्या आनंदात, आणि दमल्यामुळंही असेल, मी मोठ्यानं बोललो. सगळ्या पडवीला ऐकू जाईल असं सांगितलं की या शहाण्यानं दुधाच्या काट्याला आंधळ्यांचं यंत्र समजलंय, काढून टाकतो, दोन मिनिटांत होतंय. लोक हसले. आबाही हसले.

"मग टाक की काढून," ते म्हणाले. "हितं कोन आंधळं हाय?"

माझं बोट बटणावर होतं. दादानं हात पुढं केला, चाचपत माझं मनगट धरलं.

"काढू नगस," तो म्हणाला. "मला लागंल ते." मग आबांच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "मी हाय, आबा. मला आकडं वाचाय येत न्हाईत. दोन वर्सं झाली."

वहिनी दारातून आत गेली. मला दादाचा राग आला, की इतकं लपवलं आणि आज, भरल्या पडवीत, सणाच्या दिवशी सांगून मोकळा झाला. त्याहून स्वतःच्या तोंडाचा आला. मी खाली मान घालून बसलो आणि दुसरा उपाय शोधला. प्रोग्रॅम राहील, फक्त आमच्या वायरीला हात लावणार नाही, एवढी एक ओळ घालायची होती. ती घातली. वायर काढली, परत लावली.

आबांनी किटली काट्यावर ठेवली आणि नेहमीसारखा आपला नंबर सांगितला. कॉम्प्युटरनं वजन उच्चारलं. दोन वर्षं आबा आवाज आला की किटली उचलायचे. त्या दिवशी ते वाकले, चष्मा नाकावर सारला आणि काट्यावरचा लाल आकडा नीट वाचला. मग म्हणाले, "बराबर हाय." आपट्याचं पान त्यांनी दादाच्या हातात दिलं, पाठीवर हात ठेवला आणि गेले. त्यांच्या मागचाही वाकला. त्याच्या मागचाही.

केंद्र गेलं नाही. संस्थेत एकदा विषय निघाला, पण वहिनीचं नाव जोडीला लावून मिटला. ते बोटांनी वाचायचं यंत्र आमच्या ऐपतीतलं नाही, पण प्रोग्रॅम अजून तसाच आहे. मी महिन्यातून एकदा तरी जातोच, काही ना काही कॉम्प्युटरला लागत नसतंच. मागच्या खेपेला मी प्रिंटरच्या वायरीशी झटत होतो आणि दादा दूध घेत होता. मी बघितलं, अजूनही प्रत्येक जण वाकून आकडा वाचतो. दादाला हे सांगावं की नाही, याचा मी विचार करत होतो.

रांग संपल्यावर तोच म्हणाला, "पयल्यासारखी लगीच उचलत न्हाईत किटली. आवाज झाला की जरा थांबत्यात." मग कीबोर्डवरचं फडकं सारखं करत म्हणाला, "थांबू देत. मी पुढच्याचा नंबर इचारायची घाई करत न्हाई आता."