चंद्रपुरातली तिची जागा

परवा फोनवर तू सांगितलंस की आता लहान मुलांना शिकवायचं ठरवलं आहेस, आणि मी काहीच बोलले नाही. तुला वाटलं लाइन तुटली. लाइन होती. मला आनंदच झाला होता, पण त्याच क्षणी दुसरं कोणीतरी आठवलं. ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. तुझ्या भावालाही वाचायला दे. त्याचं मराठी कच्चं आहे, अडलं तर तू समजावून सांग.

ऐंशीनंतरची ती वर्षं. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांची बदली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीला झाली होती. मी नागपुरात इंग्रजी शाळेत शिकलेली, इंग्रजी घेऊनच बी. ए. झालेली, तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. तो सगळा धानाचा मुलूख. आषाढ लागला की बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, रोवणी सुरू व्हायची आणि माझा वर्ग ओस पडायचा. मला प्रत्येक गोष्ट जिथल्या तिथे लागते हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वर्षी मी फार चिडले. दुसऱ्या वर्षापासून रोवणीच्या दिवसांत नवा धडा घ्यायचाच नाही असं ठरवून टाकलं.

त्या वर्गात एक मुलगी होती, वैनगंगेच्या काठावरच्या एका गावची. गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून ती सावलीला आपल्या थोरल्या बहिणीकडे राहून शिकत होती. आपल्यासारखंच बौद्ध घर. बापाची जमीन थोडी, बाकी मजुरी. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हाच तिने सांगितलं होतं म्हणे, माझी लहान बहीण माझ्याजवळ राहील आणि शिकेल, हे कबूल असेल तर पुढे बोला. नवरा राईस मिलमध्ये कामाला होता. अबोल माणूस. त्याने मान डोलावली आणि पुढे शब्दही पाळला. परीक्षेच्या दिवसांत तो तिला सायकलवर शाळेत सोडायला यायचा. गल्लीतल्या बाया त्याची थट्टा करायच्या, एकीसोबत एक फुकट आणली का भाऊ म्हणून. तो लाजून घंटी वाजवत निघून जायचा.

मोठेपणी कोण होणार, हा निबंध मी दरवर्षी लिहायला द्यायची. गाइडमध्ये डॉक्टरचा निबंध होता, त्यामुळे सगळा वर्ग डॉक्टर व्हायचा. या मुलीची वही मात्र कोरी. मी तिला उभं केलं. इंग्रजीत जमत नसेल तर मराठीत सांग म्हटलं.

"मले पहिलीची बाई व्हायाचं आहे," ती म्हणाली.

वर्ग हसला. मागून कोणीतरी विचारलं, "पहिलीचीच काऊन? दुसरीची जमत नाई का तुले?"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. मला म्हणाली, "पहिलीत पोट्टं सुटलं का सुटलं, बाई. मंग त्याले कोनी पकडत नाई."

नंतर तिने मला सविस्तर सांगितलं. गावात पहिलीला तिच्यासोबत पट्टीवर बसलेली बहुतेक मुलं त्याच वर्षी शाळेतून गेली होती. कोणी बकऱ्यांमागे, कोणी धाकट्या भावंडांमागे. गुरुजी वाईट नव्हते, पण त्यांच्याकडे चार वर्ग एकत्र, आणि पहिलीची मुलं नुसती गप्प बसवून ठेवलेली. ती मुलं गेली ते कोणाला जाणवलंसुद्धा नाही. तिला ते जाणवलं होतं. त्या वर्षी रोवणीत मी तिला धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर पाहिलं. ज्यांच्या आया चिखलात वाकल्या होत्या ती सगळी बारकी मुलं तिने ओळीत बसवली होती आणि पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या एकाकडून दुसऱ्याकडे देत मोजायला शिकवत होती. बाया तिला मास्तरीण म्हणून हाका मारत होत्या. मी इतकी वर्षं शिकवत होते, पण मला असं कधी कोणी शिकवताना दिसलं नव्हतं.

बारावी झाली आणि तिचा चंद्रपूरला डी. एड.ला नंबर लागला. त्या काळी त्या भागात एखाद्या मुलीचा डी. एड.ला नंबर लागणं म्हणजे घरात सूर्य उगवल्यासारखं होतं. तिचा बाप गावाहून डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन माझ्याकडे आला. बहिणीने लोखंडी पेटी विकत आणली, निळी, वर फुलं काढलेली. बहिणीला तेव्हा दिवस गेले होते, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. अवघडलेल्या अंगाने ती मला ती पेटी उघडून दाखवत होती आणि म्हणत होती की बाळाची पहिली बाई घरचीच राहील.

बाळंतपणात तिचं रक्त थांबलं नाही. तिला चंद्रपूरला हलवायची जीप येईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगी झाली होती, ती वाचली.

डी. एड.चं सत्र त्याच महिन्यात सुरू होणार होतं.

काही दिवसांनी राईस मिलमधला तिचा भावजी शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. अंगावर कोंड्याची धूळ तशीच होती. घरात काय बोलणी चालली आहेत ते त्याने मला सांगितलं. बाळाला आई पाहिजे, आणि आई घरातच आहे, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं होतं.

"ते माह्या घरात लहानाची मोठी झाली, बाई," तो म्हणाला. "मले नाई जमत. पन मी नाई म्हनलो तं लोक म्हनतीन, याले आपल्या लेकराची पर्वा नाई. तुमी बोलून पाहा."

मी बोलले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी आप्त जमून वंदना घेतात त्या दिवशी, मी आणि आजोबा गेलो. वंदना झाली, जेवणं झाली, आणि मांडवात माणसं बसून राहिली. मी माझा विचार नीट मांडला. बाळाला मी माझ्या घरी ठेवते. सांभाळायला बाई ठेवीन. मुलीचं शिक्षण होऊ द्या, दर सुट्टीत ती येईल. भावजीची म्हातारी आत्या सगळं शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "दुसरी आनली तं सावत्रच येईन नं, बाई. मावशी सावत्र नसते." आजूबाजूच्या माना हलल्या. माझ्या बोलण्यावर तिचं उत्तर एवढंच, की तोपर्यंत लेकरू तुम्हाला आई म्हणू लागेल, मग ते परत कोण मागणार? त्यात खोट काढता येईना. त्या मांडवात वाईट माणूस कोणीच नव्हतं. वाईट माणूस असता तर मला भांडता आलं असतं.

बाप मांडवात काही बोलला नव्हता. निघताना तो मला कडुनिंबाखाली घेऊन गेला.

"एक साल, बाई. लेकरू चालाले लागलं का मी सोता नेऊन देतो तिले चंद्रपूरले. तुमी फक्त तिची जागा राखून ठेवाले सांगा."

मी म्हटलं, जागा अशी राखत नाहीत. ती ज्या दिवशी जाणार नाही त्या दिवशी दुसऱ्या मुलीला मिळेल. त्याने ते ऐकून घेतलं, पण त्याला ते पटलं नाही. त्याच्या हिशेबी नंबर ही वेगळीच वस्तू होती. रॉकेलच्या रांगेत माणसं पहाटे आपली पिशवी नाहीतर दगड ठेवून कामाला जायची, आणि परत येईपर्यंत त्या दगडाला कोणी हात लावत नसे. रांगेतल्या भांडखोर माणसानेही कधी दुसऱ्याचा दगड हलवला नव्हता. लागलेला नंबर कोण काढील, असं त्याने मलाच विचारलं, आणि वर धीर दिला की तुम्ही इंग्रजीत सांगा, तुम्हाला कोणी नाही म्हणणार नाही. त्या भरवशावरच त्याने लग्नाला होकार दिला होता. मुलीचं शिक्षण थांबवणारा तो बाप नव्हता. वर्षभर पुढे ढकलतो आहोत, एवढंच त्याला वाटत होतं.

शेवटी मी तिच्याकडे गेले. परसात, चुलीजवळच्या उजेडात ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. वाटीत बकरीचं दूध होतं आणि ती कापसाची वात भिजवून बाळाच्या ओठांना लावत होती. मी तिला म्हटलं, तू नाही म्हण. फक्त एकदा मोठ्याने म्हण, पुढचं मी बघते.

तिने वात पिळली.

"बाई, मी चंद्रपूरले कायले जानार होती? लोकायच्या लेकरायसाठीच नं?"

मी हो म्हटलं.

"मंग हे कोनाचं होय?"

मी तिला सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं. एका लेकरासाठी पन्नास लेकरं सोडू नकोस, असंही म्हटलं. तिने ऐकलं. तिला माझं पटत होतं हे मला दिसत होतं, आणि तेच फार अवघड होतं. मग बाळाने तोंड फिरवलं आणि दूध हनुवटीवरून ओघळलं. ते पुसायला ती वाकली, आणि आमचं बोलणं तिथेच संपलं.

लग्न साधं झालं. पांढरी साडी, वंदना, दोन हार. नवरदेवाने शेवटपर्यंत मान वर केली नाही. बाळ आत्याच्या कडेवर रडत होतं, म्हणून नवरीने हार गळ्यात असतानाच त्याला घेतलं.

पंधरवड्यानंतर तिचा बाप धुतलेलं धोतर नेसून आमच्या दारात उभा राहिला. तिचे दाखले त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणले होते. मी पुन्हा समजावून पाहिलं. मग त्याच्यासोबत एस. टी.त बसले, कारण एकटा गेला असता तर त्याला कोणी आत सोडलं नसतं. चंद्रपूरच्या ऑफिसातल्या कारकुनाने आम्हाला बसायला सांगितलं, सगळं ऐकलं आणि सभ्यपणे म्हणाला की प्रतीक्षेतली पुढची मुलगी येऊन बसली, वर्ग सुरूही झाले.

बापाने मान हलवली. ते त्याला ठीक वाटलं. त्याने विचारलं, "मंग आमची कुठी ठेवली?"

कारकुनाला प्रश्न कळला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बापाला उठवलं आणि बाहेर आणलं. येताना वाटेत मूल गावच्या स्टँडवर गाडी थांबली, मी चहा आणला, तो त्याने हातात धरून ठेवला. सावली जवळ आली तेव्हा एवढंच म्हणाला, "मी तं एकच साल म्हनलो होतो."

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज आणला. तेव्हा तिला दिवस गेले होते. त्याच्या पुढच्या वर्षी तिने तो हातात घेतलाच नाही. नको म्हणाली नाही, फक्त ओले हात दाखवले. मी अर्ज पाटावर ठेवून आले.

नवऱ्याने तिला कधी दुखावलं असं माझ्या कानावर आलं नाही. शेजारणी मात्र त्याची थट्टा करायच्या बंद झाल्या.

आमची बदली झाली तेव्हा निघण्यापूर्वी ती मला आठवडी बाजारात भेटली. बहिणीची मुलगी तिचा पदर धरून उभी होती, दप्तर पाठीला. पहिलीत घातली म्हणाली. बाई कशी आहे विचारलं, तर बरी आहे म्हणाली. घरी तू घेतेस का तिचा अभ्यास, असं मी सहज विचारून गेले.

"नाई," ती म्हणाली. "बसते मी जवळ. पन पाटी हातात नाई घेत."

मी बदलीचं सांगितलं. नवं गाव, सामान, तुमच्या वडिलांची शाळा, असं काहीबाही बोलत राहिले. ती वांगी निवडत होती. निवडता निवडताच तिने विचारलं, "बाई, माह्या जाग्यावर जे पोरगी गेली, ते कोन्या गावची होती?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. ती मात्र मनाने त्या मुलीबरोबर इतकी वर्षं राहत होती, हे मला त्या क्षणी कळलं.

"आता लागली असन कुठी नोकरीले," ती म्हणाली. "तिले कोनता वर्ग देल्ला असन?"

मी म्हटलं, कोण जाणे.

तिने वांगी टोपलीत परत ठेवली आणि दुसरी उचलली. तीही फिरवून पाहिली.

"पहिलीच देल्ली असन," ती म्हणाली. "नव्या बाईले पहिलीच देते."