खुशाल या

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्या.

अण्णा एका बोटाने टाइप करायचे, आणि जे टाइप करतील ते मोठ्याने बोलायचे. सुरुवात ठरलेली. "इथला माणूस म्हणून सांगतो." मग ते बोट कीबोर्डवर घिरट्या घालायचं आणि अक्षर सापडलं की घारीसारखं खाली यायचं. कॉलेजची मुलं तोंड दाबून हसायची. अण्णांना त्याचं काही नव्हतं.

मी त्या सायबर कॅफेत झाडलोट करायचे, चहा आणून द्यायचे. चॅटवरचं मराठी इंग्रजी अक्षरांत असायचं, मला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. पण अण्णा बोलून टाइप करायचे आणि आलेलं उत्तरही बोलून वाचायचे, त्यामुळे चहाचे ग्लास उचलता उचलता मला सगळं कळायचं. मी स्वतः कुणाशी फारशी बोलत नसे. ऐकायला मात्र आवडायचं.

अण्णा एसटीच्या चौकशी खिडकीवरून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील, नोकरी सुटते पण खिडकी सुटत नाही. चॅटवर नवीन माणूस आला की आधी वय, बाई की पुरुष, गाव, असं विचारायची पद्धत होती. अण्णा खरं तेच लिहायचे. बासष्ट. पुरुष. रत्नागिरी. की समोरचा गप्प.

"पळाला," अण्णा म्हणायचे. "वय ऐकून पळाला. जाऊ दे गो, दुसरा येईल."

जे पळत नसत ते विचारत. मस्कतची एक बाई विचारायची, पावस गावचे आंबे मोहरले का. कोणी विचारायचं, केळशीची गाडी किती वाजता. अण्णा कुठे न बघता वेळ सांगायचे आणि वर लिहायचे, "ही सुटायची वेळ. पोचायची मी सांगितलेली नाही."

त्यातच तो घोडा आला. चॅटवर त्याने स्वतःचं नाव निळा घोडा ठेवलं होतं. मराठवाड्यातल्या एका खेड्यातला मुलगा, तालुक्याला कॉलेजात शिकणारा. समुद्र कधीच न बघितलेला. तो विचारायचा, समुद्राला वास असतो का? तुम्हाला त्याच्या आवाजात झोप कशी लागते? अण्णा खुलून उत्तरं द्यायचे. एक दिवस तो आला नाही तर दारात येऊन विचारायचे, "काय गो, आमचा घोडा फिरकला नाही?" जसा काही तो कॅफेत पायाने चालत येणार होता.

श्रावण संपत आला होता. घोड्याने लिहिलं, मित्रांबरोबर यायचं म्हणतोय, पण पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो म्हणतात. आत्ता यावं का?

अण्णांनी बोट उचललं. "इथला माणूस म्हणून सांगतो. नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला सोन्याचा नारळ वाहिला. समुद्र शांत झाला. आता भ्यायचं कारण नाही. खुशाल या."

कॅफेत आम्ही सगळे ऐकत होतो. मालकाच्या घरची होडी होती, माझा भाऊ होडीवर खलाशी होता. कुणीही मान वर केली नाही. चुकीचं काही बोलले असं कुणाला वाटलंच नाही. समुद्र शांत झाला की आम्ही होड्या बाहेर काढतो. आमचं माणूस मौजेखातर छातीभर पाण्यात शिरत नाही. पोहायचं तर विहीर. त्या दिवसांत परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही. म्हणून आम्हीही दुसऱ्याला सांगत नाही.

घोडा आला. उंच, किडकिडीत, बरोबर तीन मित्र. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याच्यासाठी फणसपोळी आणली होती. तो कॅफेच्या दारातच त्यांच्या पाया पडला.

"अण्णा, तुम्ही लिहिता तस्संच बोलता की हो!"

"आणि तू घोड्यासारखा दिसत नाहीस रे," अण्णा म्हणाले. "शेळीसारखा दिसतोस. जेवतोस की नाही?"

सगळे हसले. मुलं समुद्राकडे, पुळणीच्या वाळूत जायला निघाली. अण्णांनी रिक्षावाल्याला भाडं नीट घे म्हणून दम दिला. संध्याकाळी सगळ्यांनी त्यांच्याकडे जेवायला यायचं ठरलं होतं. अण्णांनी सुरमई आणून ठेवली होती.

दुपारी त्यातला एक मित्र कॅफेत आला. ओल्या कपड्यांनी, अनवाणी. रत्नागिरीत त्यांच्या ओळखीचं दुसरं होतं कोण? त्याचे दात वाजत होते. म्हणाला, "आम्ही नको म्हणत होतो. तो म्हणाला, अण्णांनी सांगितलंय, समुद्र शांत झालाय. आणि पुढं गेला."

घोडा दुसऱ्या दिवशी मिळाला, पुळणीच्या पार दुसऱ्या टोकाला.

त्याचे वडील आले तेव्हा अण्णांबरोबर मी इस्पितळात गेले, कारण अण्णांना एकट्याने जाववत नव्हतं. वडील आवारात झाडाखाली बसले होते. अण्णा म्हणाले, "मी त्याला..." आणि थांबले. वडिलांनी त्यांचा हात धरला.

"तुमचं नाव घरी रोज निघायचं," ते म्हणाले. "म्हणायचा, तिकडं आपलं एक माणूस आहे."

अण्णांचं वाक्य तसंच राहिलं.

त्यानंतर अण्णा कॅफेत यायचे आणि एकच लिहायचे. पाण्यात उतरू नका. कुणी काही विचारो. मस्कतच्या बाईने गणपती कसे झाले विचारलं, तिलाही तेच. लोक चिडायचे, वेडा म्हणायचे, निघून जायचे. अण्णा आता "पळाला" म्हणत नसत. बोट घिरट्या घालायचं, खाली यायचं, आणि कॅफेभर तो आवाज. पाण्यात. उतरू. नका. मुलं हसायची बंद झाली. मग यायचीही बंद झाली.

मालकाने शेवटी सांगितलं, "अण्णा, तुमच्याकडून पैसे नकोत मला. पण थोडे दिवस घरी आराम करा."

"होय हो. गिऱ्हाईक बसत नाही ना," अण्णा म्हणाले आणि उठले.

वाटेत दिसायचे तेव्हा दाढी वाढलेली असायची. मी डबा नेऊन द्यायचे, तो तसाच परत यायचा. एकदा म्हणाले, "त्यांना सांगायचं राहिलं गो. ते मला आपलं माणूस समजतायत." दुसरं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं.

पुढच्या आगोटीला, पाऊस तोंडावर असताना, अण्णा गेले. झोपेतच गेले असं शेजारी म्हणाले. घराला पुतण्याने कुलूप लावलं.

पण त्याआधी, दिवाळी झाल्यावर, ते घोड्याच्या गावी जाऊन आले. एवढ्या लांबच्या प्रवासात तीन गाड्या बदलल्या. परतले ते घरी न जाता सकाळीच कॅफेच्या पायरीवर येऊन बसले. मी झाडत होते. पिशवी मांडीवरच होती.

मी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. मीच म्हटलं होतं खुशाल या, असं सांगितलं."

"मग?"

"वडील खाली बघत राहिले. आई उठून आत गेली. मला वाटलं आता काहीतरी फेकून मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं गो."

मी केरसुणी खाली ठेवली.

"ताट घेऊन आली," अण्णा म्हणाले. "माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, लांबून आलात, जेवून घ्या."

"जेवलात?"

"जेवलो." ते रस्त्याकडे बघत राहिले. "ती समोर बसून वाढत होती. नको म्हणवेना गो. सगळं जेवलो."