ट्यूबाची निमुळती नळी

बँडवाल्यांचे बाजे दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात कुठं चुकलं तर सांभाळून घ्या, पितळाबद्दल मात्र मी सांगतो ते ऐका.

ट्यूबा, म्हणजे बँडमधला सगळ्यात मोठा, जाड आवाजाचा बाजा, म्हटलं की लोकांना त्याचा सुपाएवढा भोंगा दिसतो. भोंग्याला पोचा पडला तर दिसायला वंगाळ दिसतं, सुराला फारसं काही होत नाही. खरा खेळ तोंडाजवळच्या बारक्या नळीत. तिथं पोचा पडला किंवा सांधा जोडायच्या डाखाचा थेंब आत राहिला, की एखादा सूर वर पळतो, एखादा खाली बसतो. आणि ती नळी एकसारख्या रुंदीची नसते, गाजरासारखी निमुळती असते. फुंकलेला वारा हळूहळू पसरत गेला तरच सगळे सूर एकमेकांना धरून राहतात.

हे मला हातानं कळायचं. कानानं कळायचं ते बायकोला. गाणं ती कुणाकडं शिकली नव्हती. मी पुढच्या खोलीत बाजा फुंकायचो आणि ती आतनं भाकरी थापत म्हणायची, “मधली एक पायरी मोडलीया.” मी म्हणायचो, तुला काय कळतंय, भाकरी बघ. मग गुमान बाजा खोलायचो, तर आत काहीतरी निघायचंच. सूर बरोबर असला तर ती काही बोलायची नाही. इतक्या वर्षांत एकदाही चांगलं झालं म्हणाली नाही. गप्प बसली की काम पास.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. दोन महिने मी पुढच्या खोलीचं दारच उघडलं नाही. मग गारगोटीचा एक वाजवणारा, नेहमीचं गिऱ्हाईक, ट्यूबा घेऊन आला. ट्रॉलीतनं पडून तोंडाची नळी पार चेपली होती. निमुळती नळी करायला दोन दिवस जातात. पत्रा निमुळत्या सळईवर गुंडाळायचा, सांधा डाखायचा, आत राळ ओतून गोठवायची आणि मग वाकवायची, म्हणजे मुरड पडत नाही. माझ्यात तेवढा जीव नव्हता. मी बाजारातली सरळ नळी आणली, वाकवली, डाखली. फुंकलं आणि सवयीनं थांबलो. आतनं कुणी काही बोललं नाही. मी बाजा देऊन टाकला.

आठवड्यानं तो परत आला, सूर ओढून ओढून ओठ सुजवून. कागलच्या वरातीत सगळा बँड एका सुरात आणि हा भलत्याच. आता पुढच्या लग्नात असंच झालं तर बँडमास्तर दुसरा माणूस बघणार होता. मी चूक कबूल केली आणि म्हटलं, दुसरीकडं ने बाबा, माझा कान गेला.

तो म्हणाला, “कान तुमचा कवा व्हता मामा? कान मामींचा व्हता. हात तुमचं हाईत, ते चालवा की.”

राग आला. पण खोटं काय बोलला होता? दोन दिवस बसून निमुळती नळी केली. तो आला, त्याला फुंकायला लावलं. भोंग्यासमोर उभं राहून मला काही उमजेना, जवळनं सगळं नुसतं दणकतं. म्हणून आत गेलो आणि ओट्यापाशी, ती उभी राहायची तिथं थांबलो.

तिथनं सूर सुटे सुटे ऐकू येत होते. पहिला आणि तिसरा पिस्टन, म्हणजे बोटानं दाबायच्या कळा, एकदम दाबला की मात्र सूर चढत होता. तीन पिस्टनच्या ट्यूबाची ही मूळची खोड, दोन्ही मिळून नळी थोडी आखूड पडते. मी ओरडलो, तिसऱ्याची सरकती नळी अर्धं बोट बाहेर काढ. त्यानं काढली. परत खालपासून वरपर्यंत वाजवलं. सगळ्या पायऱ्या जाग्यावर.

तिला इतकी वर्षं माझं काम असं ऐकू यायचं तर. मला ते पहिल्यांदाच कळलं, आणि सांगायला ती नव्हती. 

बाहेर येऊन त्याला म्हटलं, “सुरात लागलाय. ने आता. आणि बँडवाल्यांना सांग, बाजा दुरुस्तीला आणायचा तर वाजवणाराबी संगं यायचा. मी आता फुंकणार न्हाय. मी आत बसून ऐकणार.”